दूरस्थ सजगता कार्यक्रम आणि गरोदर मातेचे मानसिक आरोग्य

गरोदर स्त्रीची नोंदणी झाली की तिच्या हाती माता व बाल संरक्षण कार्ड येते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, धनुर्वाताची लस, लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, गर्भाच्या हृदयाचे ठोके अशा नोंदी त्यावर भेटीगणिक होत जातात. या साध्या दिसणाऱ्या नोंदींमागे सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचे अनेक दशकांचे परिश्रम आहेत आणि त्यांचे फळही देशाला मिळाले आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार २००४-०६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) संस्थात्मक प्रसूतीचे प्रमाण ८८.६ टक्के आढळले. माता जगली पाहिजे, हे उद्दिष्ट अशा रीतीने दृष्टिपथात आले आहे. मात्र गेले पंधरा दिवस तुला झोप का लागत नाही, कशातच मन का रमत नाही, असे तिला विचारण्याची रीत आरोग्य केंद्रांत अद्याप सर्वत्र रुळलेली नाही.

हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर होकारार्थी आले, तर पुढे काय करावयाचे, ही खरी अडचण आहे. देशात मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण एक लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहे आणि ते बहुतांशी शहरांत एकवटलेले आहेत. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के इतके आढळले होते. अशा स्थितीत दूरध्वनी, चित्रफीत-संवाद किंवा मोबाइलवरील उपयोजन यांच्या साहाय्याने गरोदर स्त्रियांपर्यंत सजगतेचे, म्हणजेच माइंडफुलनेसचे, प्रशिक्षण पोहोचविण्याच्या प्रयोगांकडे जगभर आशेने पाहिले जात आहे. भारताच्या संदर्भात या प्रयोगांचे मोल किती आणि मर्यादा कोणत्या, याचा विचार येथे केला आहे.

डोहाळे आणि आजार

गर्भधारणेपासून प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षापर्यंतचा काळ मानसिक आरोग्याच्या दृष्टीने एकसंध मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १० टक्के गरोदर स्त्रियांना आणि नुकत्याच प्रसूत झालेल्या १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकार, प्रामुख्याने नैराश्य, जडते. विकसनशील देशांत हे प्रमाण अनुक्रमे १५.६ आणि १९.८ टक्के आहे. भारतातील ३८ अभ्यासांतून वीस हजारांहून अधिक मातांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण २२ टक्के, म्हणजे साधारणतः दर पाच मातांमागे एक असे भरते.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयातील भारतीय संशोधनाचा पाया मानला जातो. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के मातांमध्ये तेथे नैराश्य आढळले. आर्थिक ओढाताण, पतीकडून होणारी मारहाण आणि मुलाची अपेक्षा असताना मुलगी होणे या गोष्टींचा नैराश्याशी असलेला संबंध या अभ्यासाने पुढे आणला. नैराश्याची मुळे स्त्रीच्या मनात जितकी असतात तितकीच तिच्या घरातही असतात, ही बाब दूरस्थ कार्यक्रमांचा विचार करताना सतत ध्यानात ठेवावी लागते.

आजार इतका सर्वदूर असूनही तो दिसत नाही, याचे एक कारण वैद्यकीय आहे. थकवा, अन्नावरची वासना उडणे, झोपमोड, चिडचिड ही नैराश्याची लक्षणे आणि तीच गरोदरपणाचीही. घरातील वडीलधारी मंडळी त्यांना डोहाळे म्हणतात आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. दुसरे कारण सामाजिक आहे. ज्या प्रसंगाला घर आनंदाचा प्रसंग मानते, ओटीभरण आणि कौतुक करते, त्या प्रसंगी आपणास आनंद होत नाही असे सांगणे सुनेला सोपे नसते. दोष आपलाच, असे तिला वाटू लागते आणि अपराधीपणाची ही भावना पुन्हा आजारात भर घालते.

अभ्यासकांनी येथे तीन अवस्थांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत निम्म्याहून अधिक मातांना रडू येणे, मन हळवे होणे असा त्रास होतो. तो दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतो. नैराश्य त्याहून दीर्घकाळ टिकते आणि त्यावर उपचार करावे लागतात. ते पुष्कळदा गरोदरपणातच सुरू झालेले असते. तिसरी अवस्था प्रसूतीनंतरच्या तीव्र मनोविकृतीची. ती हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांनाच होते, पण भ्रम, भास आणि माता व बाळ दोघांच्याही जिवाला धोका असल्याने ती तातडीची वैद्यकीय अवस्था ठरते. पुढे ज्या सजगता-प्रशिक्षणाची चर्चा आहे त्याचा उपयोग दुसऱ्या अवस्थेच्या सौम्य व मध्यम स्वरूपात आणि तिच्या प्रतिबंधात आहे. तिसऱ्या अवस्थेत असलेल्या स्त्रीला डोळे मिटून बसावयास सांगणे धोक्याचे आहे.

सजगता म्हणजे काय?

पाली भाषेतील 'सति' या शब्दाच्या आशयातून ही संकल्पना आली आहे. बौद्ध परंपरेतील सतिपट्ठान सुत्तात श्वास, शरीर, वेदना आणि चित्त यांकडे जाणीवपूर्वक पाहण्याचा मार्ग सांगितला आहे. महाराष्ट्रातील वाचकांना इगतपुरीचे विपश्यना केंद्र परिचित आहे. सत्यनारायण गोएंका यांनी १९७० च्या दशकात त्याची स्थापना केली. परंतु इगतपुरीचे दहा दिवसांचे निवासी मौन शिबिर आणि रुग्णालयांत शिकविली जाणारी सजगता यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये दीर्घकालीन वेदनांनी त्रस्त रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात धर्मविषयक भाग नव्हता. पुढे झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी या अभ्यासक्रमाला बोधनिक उपचारपद्धतीची जोड दिली. नैराश्यातून बरे झालेल्यांना ते पुन्हा होऊ नये, हा या जोडणीचा हेतू होता.

हेतू असा मर्यादित का ठेवला, हे समजून घेण्यासारखे आहे. नैराश्य एकदा येऊन गेलेल्या माणसाच्या मनात किंचितशा उदासीनेही जुन्या विचारांची साखळी सुरू होते. 'मला काही जमत नाही' येथून 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' येथवर ती क्षणात पोहोचते. मनात तेच ते घोळत राहते आणि घोळण्यानेच उदासी वाढते. सजगतेच्या अभ्यासात विचार खरा की खोटा हा वाद घातला जात नाही. 'हा एक विचार आला' एवढीच नोंद घ्यावयाची आणि लक्ष पुन्हा श्वासाकडे, पावलांकडे, कानांवर पडणाऱ्या आवाजाकडे आणावयाचे. मन शंभर वेळा भटकले तर शंभर वेळा परत आणावयाचे. मन न भटकणे हे या अभ्यासाचे यश समजले जात नाही, ही गोष्ट नवख्या साधकाला प्रथमच सांगावी लागते. अन्यथा 'हेही मला जमत नाही' अशी नवी कडी साखळीला जोडली जाते.

गरोदरपणात या पद्धतीत काही फेरफार करावे लागतात. वाढलेले गर्भाशय छातीच्या पडद्यावर दाब देते, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत श्वास उथळ होतो आणि श्वासावर लक्ष दिले की कित्येकींना गुदमरल्यासारखे वाटते. अशा वेळी तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा हातांची ऊब हा आधार घेतला जातो. उताणे पडून दीर्घकाळ राहणे टाळावे लागते. डाव्या कुशीवर किंवा खुर्चीत बसून अभ्यास करता येतो. अर्ध्या-पाऊण तासाची बैठक जमत नसेल तर तीन मिनिटांचा 'श्वास-विसावा' दिवसातून दोन-तीनदा घ्यावयास सांगतात. बाळाची हालचाल जाणवली की क्षणभर हातातले काम थांबवून तिच्याकडे लक्ष देणे, हाही अभ्यासच. नॅन्सी बार्डॅक या अमेरिकी सुईणीने १९९८ मध्ये प्रसूती आणि पालकत्व यांसाठी स्वतंत्र सजगता अभ्यासक्रम सुरू केला. प्रसूतीवेदनांच्या भयाचा विचार त्यात विशेषत्वाने झालेला आहे.

आपल्याकडे गर्भसंस्काराच्या वर्गांशी या अभ्यासाची गल्लत होण्याचा संभव आहे. त्या वर्गांत बाळ गुणी आणि बुद्धिमान निपजावे म्हणून आईने काय ऐकावे, काय वाचावे, कसे प्रसन्न राहावे यांवर भर असतो. सजगता-प्रशिक्षणाचा विषय आईच आहे. तिने प्रसन्न राहावे अशी अटही तेथे नाही. आधीच उदास असलेल्या स्त्रीवर बाळासाठी आनंदी राहण्याची जबाबदारी टाकणे म्हणजे तिच्या अपराधीपणात भर घालणेच होय.

पुरावा कितपत आहे?

अमेरिकेत सोना डिमिजियन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पूर्वी नैराश्य होऊन गेलेल्या ८६ गरोदर स्त्रिया सहभागी होत्या. नेहमीच्या सेवेवर असलेल्या गटात प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत सुमारे निम्म्या स्त्रियांना नैराश्याने पुन्हा गाठले. आठ आठवड्यांचे सजगता-प्रशिक्षण घेतलेल्या गटात हे प्रमाण सुमारे १८ टक्के राहिले. संख्या लहान आहे, परंतु फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. औषधे घेण्यास कचरणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक पर्याय मिळतो, हे त्याचे व्यावहारिक महत्त्व. येथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. चालू असलेले औषध गर्भधारणा होताच परस्पर बंद करणे घातक ठरू शकते. त्याचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावयास हवा.

ही चाचणी प्रत्यक्ष वर्गांची होती. दूरस्थ स्वरूपाचे तीन प्रकार संभवतात. पहिल्यात प्रशिक्षक दूर बसून ठरावीक वेळी आठ-दहा स्त्रियांच्या गटाला चित्रफीत-संवादाने शिकवितो. दुसऱ्यात ध्वनिमुद्रित पाठ मोबाइलवर असतात आणि स्त्री आपल्या सवडीने ते ऐकते. तिसऱ्यात या दोहोंचा मेळ असतो : पाठ मुद्रित, पण आठवड्यातून एकदा कोणीतरी दूरध्वनी करून विचारपूस करते. चीनमध्ये १६८ गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोबाइलद्वारे दिलेल्या आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाने नैराश्याची व चिंतेची लक्षणे कमी झाल्याचे आढळले. तथापि निव्वळ उपयोजनावर सोडलेल्या कार्यक्रमांचे एक दुखणे सर्वत्र सारखे आहे. प्रारंभी नाव नोंदविणाऱ्या पुष्कळ असतात, शेवटच्या पाठापर्यंत पोहोचणाऱ्या थोड्या. आणि गळणाऱ्यांत ज्यांना गरज अधिक त्यांचाच भरणा असण्याची शक्यता असते, कारण नैराश्याचे पहिले लक्षणच मुळी कशाचाही उत्साह न वाटणे हे आहे.

अमेरिका व कॅनडा येथे १,२३० गरोदर व प्रसूत स्त्रियांवर झालेली, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या दृष्टीने बोलकी आहे. तिच्यातील उपचार सजगतेचा नव्हता. स्त्रीला अर्थपूर्ण वाटणाऱ्या कृतींकडे पायरी-पायरीने परत नेण्याचा होता. पण तपासलेले दोन प्रश्न नेमके आपल्याही कामाचे आहेत. प्रशिक्षित बिगर-तज्ज्ञ व्यक्तीने दिलेला उपचार तज्ज्ञाच्या तोडीचा ठरतो का? आणि पडद्यावरून दिलेला उपचार समोरासमोरच्या उपचाराच्या तोडीचा ठरतो का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली. मात्र पडद्याच्या पलीकडे दर वेळी एक जितेजागते माणूस होते, हे विसरून चालणार नाही.

माहेर, सासर आणि मोबाइल

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत देशाच्या अनेक भागांत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात स्त्री माहेरी जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर परतते. रुग्णालयाशी जोडलेला कोणताही साप्ताहिक वर्ग या स्थलांतराने तुटतो. तोही अशा वेळी की जेव्हा त्याची गरज सर्वाधिक असते. प्रसूतीनंतरचा सव्वा महिना तर बाळंतीण घराबाहेर पडतच नाही. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर कुटुंबासह जाणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत सहा-सहा महिने पत्ताच बदललेला असतो. दूरध्वनीचा क्रमांक मात्र बदलत नाही. दूरस्थ कार्यक्रमांचे भारतीय परिस्थितीतील सर्वांत मोठे बलस्थान कोणते असेल तर ते हे आहे.

परंतु तो क्रमांक कोणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरत असलेला मोबाइल होता. ग्रामीण भागात हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास होते. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, ग्रामीण भागात जेमतेम २५ टक्के. गेल्या काही वर्षांत यात वाढ झाली असली, तरी घरातील एकमेव स्मार्टफोन पुरुषाच्या खिशात असणे ही नवलाची गोष्ट नाही. तो सकाळी कामावर जातो आणि सायंकाळी परततो. सायंकाळी स्त्री चुलीपाशी असते. चित्रफितींनी सजलेले, पाश्चात्त्य धर्तीचे उपयोजन या घरात निरुपयोगी ठरते. साध्या फोनवर ऐकता येणारा आठ-दहा मिनिटांचा आवाज, तोही तिच्या बोलीत, अधिक दूर जातो.

असा आवाज पोहोचविण्याची यंत्रणा देशात आहे. 'किलकारी' ही केंद्र शासनाची सेवा जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक याप्रमाणे ७२ ध्वनिसंदेश तिच्याद्वारे विनामूल्य पाठविले जातात. महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत तिचा प्रारंभ २०२४ मध्ये झाला. आहार, लसीकरण, धोक्याची लक्षणे, कुटुंबनियोजन हे या संदेशांचे मुख्य विषय होत. त्याच वाटेने तीन मिनिटांचा 'श्वास-विसावा' पाठविण्यास तांत्रिक अडचण नाही. मात्र किलकारीचा संदेश एकतर्फी असतो. ऐकणारी स्त्री रडली तर पलीकडे कोणालाही कळत नाही.

ऐकून घेणारी यंत्रणा निराळी आहे. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषित झालेला राष्ट्रीय टेली-मानसिक आरोग्य कार्यक्रम, अर्थात टेली-मानस, १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाला. निम्हान्स ही त्याची शिखर संस्था. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, वीस भाषांत, विनामूल्य बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरजेनुसार तज्ज्ञाकडे किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवितात. २०२५ च्या मध्यापर्यंत या सेवेने २० लाखांहून अधिक दूरध्वनी हाताळले होते. तिची मर्यादा अशी की दूरध्वनी करण्याचा पुढाकार आजारी व्यक्तीला घ्यावा लागतो. ज्या स्त्रीला आपली अवस्था आजार आहे हेच ठाऊक नाही, तिने हा क्रमांक फिरवावा अशी अपेक्षा करणे अवघड आहे.

ई-संजीवनी ही २०१९ मध्ये सुरू झालेली दूरवैद्यक सेवा या बाबतीत थोडी वेगळी ठरते. तिच्या एका स्वरूपात स्त्री गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासमोर बसते आणि डॉक्टर पलीकडे असतात. उपकरण आरोग्य केंद्राचे, खोली आरोग्य केंद्राची. घरातील मोबाइल आणि घरातील कान या दोन्ही अडचणी टळतात. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यक व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे जारी झाल्यानंतर अशा सल्ल्याला स्पष्ट नियमांची बैठकही लाभली आहे.

मधले माणूस

दक्षिण आशियात या क्षेत्रात जे यश मिळाले ते बहुतांशी गावातल्या स्त्रियांच्या बळावर मिळाले आहे. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतीफ रहमान आणि सहकाऱ्यांनी तेथील आरोग्य सेविकांना साधे बोधनिक उपचार शिकविले. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत नैराश्य असलेल्या ९०३ स्त्रियांपैकी ज्यांना या सेविका भेटल्या, त्यांच्यात बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा नैराश्याचे प्रमाण २३ टक्के होते. इतरांत ते ५३ टक्के होते. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने पुढे या पद्धतीची मार्गदर्शिका काढली. गोव्यात हेच काम स्थानिक, अनुभवी मातांवर सोपवून पाहण्यात आले. लाभ झाला, पण तो माफक होता.

झारखंड व ओडिशातील आदिवासीबहुल जिल्ह्यांत 'एकजूट' या संस्थेने केलेले काम तर मुळात मानसिक आरोग्याचे नव्हतेच. सरायकेला-खरसावां, पश्चिम सिंहभूम आणि केओंझर येथे स्त्रियांचे गट दरमहा जमत, नवजात बालकांचे मृत्यू का होतात यावर चित्रे व गोष्टींच्या आधारे बोलत आणि उपाय शोधत. २००५ ते २००८ या काळातील या प्रयोगात नवजात मृत्युदर लक्षणीयरीत्या घटला, त्याचबरोबर तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळले. नैराश्यावर एकही पाठ न देता हे घडले. चार जणींनी एकत्र बसून आपल्या अडचणीवर विचार करणे, यातच काही औषध होते असे मानावे लागते.

या अनुभवांच्या उजेडात पाहिले असता दूरस्थ सजगता कार्यक्रमाची योग्य जागा ठरविता येते. ध्वनिमुद्रित पाठ हे साधन आहे. ते आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी यांच्या नात्यात गुंफले गेले तर टिकते. मात्र आशा कार्यकर्तीला मानधन कामानुसार मिळते आणि तिच्यावरील कामांची यादी वर्षागणिक लांबत गेली आहे. मनाच्या विचारपूशीला स्वतंत्र मोबदला आणि स्वतंत्र प्रशिक्षण न देता तेही तिच्या खांद्यावर टाकणे म्हणजे आणखी एक रकाना वाढविण्यासारखे होईल. केरळ राज्याने 'अम्मा मनस्सु' या उपक्रमाद्वारे गरोदर व प्रसूत मातांच्या मनःस्थितीची तपासणी नियमित सेवेत आणली आहे. त्याचा अभ्यास इतर राज्यांनी करण्याजोगा आहे.

जेथे श्वास पुरत नाही

पाचव्या सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवल्याचे सांगितले. गरोदरपणात मारहाण झाल्याचे तीन टक्क्यांनी सांगितले. मार खाणाऱ्या स्त्रीला आपल्या श्वासाचे निरीक्षण करावयास सांगणे हा उपचार नाही. तिला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ आणि १८१ ही महिला मदतवाहिनी ठाऊक असणे अधिक निकडीचे आहे. शिवाय तिचा मोबाइल पती तपासत असेल तर 'मानसिक आरोग्य' असे नाव झळकणारा संदेशच तिला अडचणीत आणू शकतो. कार्यक्रमाचे नाव, दूरध्वनीची वेळ, मागे राहणारी नोंद या किरकोळ वाटणाऱ्या बाबी म्हणूनच सुरक्षिततेच्या बाबी ठरतात.

गोपनीयतेला कायद्याचेही पाठबळ आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला आपल्या आजाराविषयी गोपनीयतेचा अधिकार दिला आहे. याच अधिनियमाचे कलम २१ असे सांगते की मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळे करू नये. आई आणि बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा देशातील पहिला कक्ष निम्हान्समध्ये २००९ साली सुरू झाला होता. अशा कक्षांची संख्या आजही फारच थोडी आहे. दूरस्थ कार्यक्रमातून जिला तातडीने पुढे पाठवावे लागेल, तिला नेमके कोठे पाठवावयाचे, हा प्रश्न कित्येक जिल्ह्यांत अनुत्तरितच राहतो.

या तातडीची ओळख पटविण्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेली एडिनबरो प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत दहा प्रश्न आहेत आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयीचा आहे. मोबाइलवर भरलेल्या प्रश्नावलीत एखाद्या स्त्रीने मध्यरात्री या प्रश्नाला 'होय' असे उत्तर दिले, तर ते कोण वाचणार आणि किती वेळात तिच्यापर्यंत पोहोचणार, हे आधी ठरलेले नसेल, तर तो प्रश्न तिला विचारण्याचा अधिकार त्या कार्यक्रमाला पोहोचत नाही.

प्रारंभासाठी दहा प्रश्नांचीही आवश्यकता नाही. इंग्लंडमध्ये २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या भेटीत दोनच प्रश्न विचारण्याची शिफारस आहे : गेल्या महिनाभरात वरचेवर उदास किंवा निराश वाटले का, आणि कामात किंवा करमणुकीत रस उरला नाही असे झाले का. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी होते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर त्या दिवशी स्त्रिया तास-दोन तास आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसलेल्या असतात. हे दोन प्रश्न आडोशाला नेऊन विचारण्यास आणि पहिला 'श्वास-विसावा' प्रत्यक्ष शिकविण्यास तेवढा वेळ पुरेसा आहे. पुढील सात आठवडे दूरध्वनीवर चालू शकतात. त्यासाठी कार्डावर क्रमांकाच्या शेजारी आणखी दोन नोंदी लागतील : हा फोन कोणाचा आहे, आणि तो तिच्या हाती एकटीच्या केव्हा असतो.